घरच्या बॉक्सचा क्रॉसओव्हर: बिंदू कुठं धरायचा आणि ट्वीटर कसा राखायचा

जळालेला ट्वीटर, म्हणजे बॉक्समधला उंच स्वरांचा लहान स्पीकर, फेकून देण्याआधी उघडून बघा. मागचे किंवा पुढचे स्क्रू काढले की डायफ्रॅम (हलणारा पातळ पडदा) हातात येतो आणि ट्वीटर कशानं गेला ते पडद्याला चिकटलेल्या तारेच्या वेढ्यांवर, म्हणजे व्हॉईस कॉईलवर, दिसतं. कॉईल काळपट-तपकिरी झाली असेल, वेढे सैल पडले असतील, वार्निश जळल्याचा वास येत असेल तर ट्वीटर उष्णतेनं गेला. कॉईल तांब्यासारखी स्वच्छ, पण डायफ्रॅमला कडेनं चीर गेलेली किंवा कॉईलमधून बाहेर येणारी बारीक तार तुटलेली असेल तर तो हालचालीनं गेला.

दोन्हींचे इलाज वेगळे आहेत. उष्णतेनं गेलेल्या ट्वीटरला कमी वॅट पोचवावे लागतात. हालचालीनं गेलेल्याला क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे स्वर वूफरला (मोठ्या स्पीकरला) आणि वरचे ट्वीटरला वाटून देणारं सर्किट, बदलावा लागतो. तिथं वॅट कमी करून फारसं साधत नाही. हे न बघता नुसता ‘जास्त वॅटचा’ ट्वीटर आणून बसवला की तोही पुढच्या सप्ताहात जातो.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात भजनी मंडळांचे, गल्लीतल्या गणपतीचे, पारायणाचे बॉक्स पुष्कळ ठिकाणी हातानंच बनवले जातात. प्लायवूडचं काम चांगलं असतं, वूफर चांगला असतो, आणि क्रॉसओव्हर म्हणून ट्वीटरच्या पायाला झाळलेला एकच कपॅसिटर असतो. हॉर्नचं युनिट (भोंग्याच्या मागं बसणारा ट्वीटर) त्या एका कपॅसिटरवर सोडू नये. का, ते आधी बघू.

उतार आधी, बिंदू नंतर

ट्वीटरनं एकसारखा आवाज द्यायचा तर स्वर एक सप्तक खाली गेला की डायफ्रॅमला चौपट हलावं लागतं. ४००० हर्ट्झला जितकी हालचाल, त्याच्या चौपट २००० ला आणि सोळापट १००० ला. ट्वीटरची हालचाल मिलिमीटरच्या अंशात मोजायची असते, त्यामुळे सोळापट म्हणजे डायफ्रॅम त्याला धरून ठेवणाऱ्या कडेच्या लवचिक पट्टीवरून फाटणार.

आता क्रॉसओव्हर काय करतो ते बघा. एकटा कपॅसिटर दर सप्तकाला ६ डेसिबल कापतो, म्हणजे व्होल्टेज निम्मं करतो. मागणी चौपट आणि पुरवठा निम्मा, म्हणून हालचाल तरीही दर सप्तकाला दुप्पट होत जाते. ४००० ला कापलेला ट्वीटर १००० हर्ट्झला चौपट हलतोच. कपॅसिटरसोबत ट्वीटरच्या दोन टोकांवर वेगळी गुंडाळलेली कॉईल आडवी टाकली की उतार, म्हणजे दर सप्तकाला होणारं कापणं, १२ डेसिबलचा होतो. व्होल्टेज चौथाई, मागणी चौपट, म्हणजे हालचाल जागेवर थांबते. १८ डेसिबलला ती उलट कमी होऊ लागते.

यात आणखी एक मेख आहे. रेझोनन्सपाशी, म्हणजे डायफ्रॅम आपोआप सर्वांत सहज थरथरतो त्या स्वरापाशी, ट्वीटरचा रोध ८ ओहम राहत नाही, २०-३० ओहमपर्यंत चढतो. एकट्या कपॅसिटरसमोर रोध वाढला की कपॅसिटरचं कापणं आणखी ढिलं पडतं, आणि तेही जिथं ट्वीटर सर्वांत नाजूक आहे नेमकं तिथं. आडवी कॉईल असेल तर त्या पट्ट्यातला आवाज तिच्यातून निघून जातो. एवढ्यासाठी तरी ती घालाच.

म्हणून नियम असा धरा: ६ डेसिबलचा उतार असेल तर क्रॉसओव्हरचा बिंदू (जिथून स्वरांची वाटणी होते तो स्वर) रेझोनन्सच्या किमान चौपट वर, १२ डेसिबलला किमान दुप्पट वर, १८ किंवा २४ ला दीडपटीपासून पुढं. रेझोनन्स १२०० हर्ट्झचा डोम (घुमटाच्या आकाराच्या डायफ्रॅमचा ट्वीटर) एका कपॅसिटरवर ४८०० च्या खाली आणू नये. कॉईल घातली की तोच २४०० ला चालतो.

हॉर्नच्या युनिटचं थोडं वेगळं आहे. हॉर्न जोवर हवेला धरून असतो तोवर डायफ्रॅमची हालचाल सप्तकाला दुप्पटच वाढते, चौपट नाही. पण हॉर्नच्या आकारानं ठरलेल्या स्वराच्या खाली ती पकड सुटते आणि डायफ्रॅम मोकळा नाचतो. लहान हॉर्नवर मोठं युनिट लावून खाली कापणाऱ्यांचे डायफ्रॅम याच कारणानं फाटतात. युनिट कितीपासून चालतं हे युनिटइतकंच हॉर्नही ठरवतं.

रेझोनन्स घरी कसा काढायचा

डोम किंवा कागदी ट्वीटरची माहितीपत्रिका नसेल तर मोजा. १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर, अँप, मोबाइलवरचं टोन काढणारं अ‍ॅप आणि एसी २ व्होल्टची रेंज असलेला मीटर लागतो. साध्या पिवळ्या मीटरवर एसीची सर्वांत खालची रेंज २०० व्होल्टची असते, त्यानं हे काम होत नाही.

अँपच्या टोकातून रेझिस्टर, रेझिस्टरमधून ट्वीटर, ट्वीटरमधून परत अँप. अँपच्या टोकांवर ३ व्होल्ट येतील एवढाच आवाज ठेवा. मग मीटर ट्वीटरच्या टोकांवर लावून टोन ३००० हर्ट्झपासून हळूहळू ४०० पर्यंत खाली आणा. आकडा जिथं सर्वांत मोठा होतो तो रेझोनन्स. ३००० च्या आसपास ०.२ व्होल्ट दिसणारा आकडा शिखरावर ०.५ पर्यंत जाऊ शकतो. साध्या मीटरचा आकडा या स्वरांना अचूक नसतो, पण आपल्याला फक्त शिखर शोधायचंय, त्याला तो पुरतो. शिखर बोथट आणि पसरट आलं तर ट्वीटरच्या फटीत चुंबकी तेल आहे असं समजा. तो उष्णता जरा जास्त सोसतो.

हॉर्नच्या युनिटला या मोजणीत दोन-तीन शिखरं दिसतात आणि गोंधळ होतो. तिथं बनवणाऱ्यानं दिलेला किमान क्रॉसओव्हरच पाळावा. पत्रिका नसेल तर व्हॉईस कॉईलच्या व्यासावरून, १२ डेसिबलच्या उताराला, सावध अंदाज असा: २५ मिलिमीटरला ३०००, ३४ ला २५००, ४४ ला १६००, ७५ ला १२०० हर्ट्झ. गोळीच्या आकाराचे बुलेट ट्वीटर ५००० च्या खाली आणू नयेत. कागदी शंकूचे ४००० च्या वरच बरे.

पिझो ट्वीटर या हिशेबात बसत नाही. तो स्वतःच कपॅसिटरसारखा वागतो. त्याला मालिकेत (एकामागून एक जोडून) ३० ते ५० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर द्या, तो मुख्यतः अँप स्थिर राहावा म्हणून.

वूफरची वरची हद्द

ट्वीटरची खालची हद्द कळली, आता वूफर वर कुठंवर जाऊ शकतो ते बघायचं. वूफरच्या शंकूचा हलणारा व्यास आणि स्वराची तरंगलांबी सारखी झाली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ समोर जाऊ लागतो आणि बाजूला बसलेल्यांना शब्द कळत नाहीत. ३४४ ला मीटरमधल्या व्यासानं भागलं की तो स्वर मिळतो. ६.५ इंचीचा हलणारा व्यास सुमारे १३ सेंटिमीटर, म्हणजे २६०० हर्ट्झ. ८ इंचीला २१००, १० इंचीला १६००, १२ इंचीला १३००, १५ इंचीला जेमतेम १०००.

दोन आकडे समोरासमोर ठेवले की बॉक्सची खरी अडचण दिसते. १५ इंची वूफर आणि बुलेट ट्वीटर ही जोडी इकडं फार दिसते. वूफरला १००० च्या आसपास सोडायला हवं, ट्वीटर ५००० च्या खाली येणार नाही. मधली सव्वादोन सप्तकं कुणाचीच नाहीत, आणि कीर्तनकाराचे व्यंजनांचे उच्चार नेमके तिथं असतात. मग आवाज उघडावा म्हणून कुणीतरी ट्वीटरचा कपॅसिटर मोठा करतो, क्रॉसओव्हर खाली येतो, ट्वीटर जातो. अशा जोडीला क्रॉसओव्हरनं वाचवता येत नाही. मध्ये ६ किंवा ८ इंचीचा मिड (मधल्या स्वरांचा स्पीकर) घाला, नाहीतर ४४ मिलिमीटरचं युनिट मोठ्या हॉर्नवर लावा.

वूफर आपल्या हद्दीच्या वर अर्धं-पाऊण सप्तक चालवता येतो, झोत थोडा अरुंद होतो एवढंच. ट्वीटरला मात्र त्याच्या हद्दीच्या खाली अजिबात ओढू नका. तडजोड वूफरनं करायची, ट्वीटरनं नाही, कारण वूफर चुकला तर आवाज बिघडतो आणि ट्वीटर चुकला तर तो मरतो.

एक पुरा हिशेब: १० इंची आणि ३४ मिलिमीटरचं हॉर्न युनिट

देवळाच्या सभामंडपात भजनाला चालेल असा बॉक्स धरू. अँप ८ ओहमला १५० वॅटचा, वूफर ८ ओहमचा ९५ डेसिबल संवेदनशीलतेचा (एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज), हॉर्न १०५ डेसिबलचा, तोही ८ ओहम. वूफरची हद्द १६००, युनिटची २५००. क्रॉसओव्हर २५०० हर्ट्झला, उतार १२ डेसिबल.

लिंकविट्झ-रायली पद्धतीत (क्रॉसओव्हरचे आकडे काढायची एक रूढ रीत) कपॅसिटरसाठी ७९६०० ला हर्ट्झ आणि ओहम यांच्या गुणाकारानं भागायचं. ७९६०० भागिले २०००० म्हणजे ३.९८, म्हणजे ४ मायक्रोफॅरड. कॉईलसाठी ३१८ ला ओहमनं गुणून हर्ट्झनं भागायचं. ३१८ गुणिले ८ भागिले २५०० म्हणजे १.०२, म्हणजे १ मिलिहेन्री. दोन्ही बाजूंना हेच आकडे. ट्वीटरला कपॅसिटर मालिकेत आणि कॉईल आडवी, वूफरला कॉईल मालिकेत आणि कपॅसिटर आडवा. या पद्धतीत ट्वीटरची अधिक-उणे टोकं उलटी जोडायची असतात. सरळ जोडली तर २५०० च्या आसपास आवाजात खड्डा पडतो.

वूफरच्या टोकांवर अजून एक जोडी लागते: ८.२ ओहम १० वॅटचा रेझिस्टर आणि १५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकमेकांच्या मालिकेत, आणि ही जोडी वूफरला समांतर. वूफरच्या कॉईलमुळे वरच्या स्वरांना त्याचा रोध चढत जातो, आणि ही जोडी नसेल तर मालिकेतली १ मिलिहेन्री नीट कापतच नाही.

४ मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर ऑडिओच्या दुकानात मिळाला नाही तर पंख्याच्या कंडेन्सरकडं बघा. २.५, ३.१५, ४ मायक्रोफॅरडचे ४४० व्होल्टचे हे कंडेन्सर पॉलिप्रॉपिलिन फिल्मचे असतात आणि क्रॉसओव्हरला उत्तम चालतात. समांतर जोडले की बेरीज होते. मात्र नवेच घ्या. पंख्यातून काढलेल्या जुन्याची क्षमता घटलेली असते, २.५ लिहिलेला १.८ निघतो. जमलं तर बसवण्याआधी मोजून घ्या.

अँपच्या पॉवर सप्लायमधले अधिक-उणे खुणेचे इलेक्ट्रोलिटिक एकटे वापरू नका, उलट दिशेचं व्होल्टेज त्यांना सोसत नाही. अगदी अडलं तर एकाच किमतीचे दोन, उणे टोकाला उणे जोडून मालिकेत घाला. किंमत निम्मी होते, दोन १० चे मिळून ५. ८ ओहमला १५० वॅट म्हणजे शिखरावर ४९ व्होल्ट, म्हणून १०० व्होल्टच्या खालचा कपॅसिटर घेऊ नका. ४०० वॅटच्या पुढं २५० व्होल्टचा.

कॉईल गुंडाळणं

तयार कॉईलची गरज नाही. बेळगावात पंप-मोटारींचं काम भरपूर, त्यामुळे मोटार रिवायंडिंगवाल्याकडं वजनावर तांब्याची तार मिळते. एका कॉईलला १९ गेजची २३ मीटर, म्हणजे साधारण १७० ग्रॅम लागते. दोन कॉईलना ३५० ग्रॅम घ्या.

वायरिंगच्या २५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घ्या. त्यावर ६० मिलिमीटर व्यासाच्या प्लायच्या दोन चकत्या बरोबर २० मिलिमीटर अंतरानं चिकटवा. एका थरात १८ वेढे बसतात. असे ११ थर, एकूण १९८ वेढे, झाले की १.०३ मिलिहेन्री होते. तार ताणून, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. थर विस्कटले तर आकडा घसरतो. रोध अर्ध्या ओहमच्या आत येतो. वूफरच्या बाजूला त्यानं अर्धा डेसिबल जातो, तो जाऊ द्या.

तपासायला १० ओहमचा रेझिस्टर कॉईलच्या मालिकेत जोडा, अँपमधून २-३ व्होल्टचा टोन द्या आणि मीटर आळीपाळीनं दोघांवर लावा. १५९० हर्ट्झला दोन्ही आकडे सारखे आले तर कॉईल बरोबर १ मिलिहेन्री. दोन्ही मोजण्या एकाच स्वराला असल्यानं मीटरची चूक दोन्हींकडं सारखीच लागते आणि आपोआप कटते. बरोबरी १५९० च्या खालच्या स्वराला झाली तर कॉईल मोठी आहे, दोन-दोन वेढे सोडत या. वेढे १ टक्का कमी केले की मिलिहेन्री सुमारे २ टक्क्यांनी उतरते.

मधोमध लोखंडी बोल्ट घालून कॉईल आवळू नका, किंमत बदलते. प्लॅस्टिकची पट्टी पुरे. दोन कॉईलमध्ये १० सेंटिमीटर अंतर, एक आडवी आणि एक उभी, आणि दोन्ही वूफरच्या चुंबकापासून लांब.

१० डेसिबल कापणारे दोन रेझिस्टर

हॉर्न वूफरपेक्षा १० डेसिबल जोरात वाजतो, तो खाली आणायचाच आहे. इथं पुष्कळांची चूक होते. ते ट्वीटरच्या मालिकेत नुसता ८ किंवा १० ओहमचा रेझिस्टर टाकतात. आवाज कमी होतो खरा, पण एकट्या कपॅसिटरला आता ८ ऐवजी १६-१८ ओहम दिसतात आणि क्रॉसओव्हरचा बिंदू निम्म्यावर घसरतो. ३.३ मायक्रोफॅरड ८ ओहमला ६००० हर्ट्झवर कापतो, १६ ओहमला ३००० वर. ट्वीटर वाचवायला टाकलेला रेझिस्टर त्याला एक सप्तक खाली ओढतो.

बरोबर रीत दोन रेझिस्टरची. फिल्टरनंतर (कपॅसिटर-कॉईलच्या पुढं) मालिकेत ५.६ ओहम, मग ट्वीटरला समांतर ३.९ ओहम. फिल्टरला ८.२ ओहम दिसत राहतात आणि आवाज बरोबर १० डेसिबल उतरतो. ६ डेसिबल हवे असतील तर ३.९ मालिकेत आणि ८.२ समांतर. ३ डेसिबलला २.२ आणि १८.

रेझिस्टरच्या या जोडीला पॅड म्हणतात. १० डेसिबलच्या पॅडचे दोन फायदे वर मिळतात. रेझोनन्सपाशी युनिटचा रोध ३० ओहमवर चढला तरी ३.९ समांतर असल्यानं फिल्टरला ९ ओहमच दिसतात, क्रॉसओव्हर हलत नाही. आणि उंच पट्टीला गेलेल्या वॅटपैकी दहावा हिस्साच युनिटच्या कॉईलमध्ये पोचतो. १५० पैकी १५. जास्त संवेदनशील हॉर्न घ्या आणि भरपूर पॅड लावा, ट्वीटरची याहून चांगली राखण नाही.

बाकीची उष्णता रेझिस्टर घेतात, म्हणून ५.६ चा २० वॅटचा आणि ३.९ चा १० वॅटचा सिमेंटचा घ्या. प्लायला न टेकवता सेंटिमीटरभर वर, हवेत धरून झाळा.

गाडीचा दिवा

मालिकेत १२ व्होल्टचा दिवा हा जुना आणि फार चांगला उपाय आहे. थंड असताना त्याच्या तारेचा रोध तापलेल्याच्या दहाव्या-बाराव्या हिश्शाइतका असतो. १२ व्होल्ट २१ वॅटचा दिवा थंड असताना ०.६ ओहमच्या आसपास, पूर्ण पेटला की ७ ओहम. साध्या आवाजाला तो जवळजवळ नाहीच असं वागतो. जोर वाढून टिकला की स्वतः पेटून वॅट खातो.

वरच्या बॉक्सला कारच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा एका फिलामेंटचा दिवा बसवा, कपॅसिटरच्या आधी, फक्त ट्वीटरच्या फांदीत. पूर्ण जोरात सलग शिट्टी झाली तरी त्या फांदीत साधारण पाव हिस्साच वॅट जातात. शिट्टी लांबली तर दिवा फुटेल, युनिट राहील. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १० वॅटचा दिवा ०.८ अँपिअरला पूर्ण पेटतो, म्हणजे ८ ओहमच्या कॉईलमध्ये साडेपाच वॅट जात असताना. पॅड नसलेल्या २५ मिलिमीटरच्या डोमला तोच योग्य. एलईडीचे दिवे इथं चालत नाहीत. दिवा होल्डरमध्ये, लाकडापासून लांब ठेवा.

काचेचा फ्यूजही चालतो, डोमला १ अँपिअर, झटपट उडणारा. पण तो कार्यक्रमाच्या मध्यात उडाला की लोक तारेचा तुकडा लावून मोकळे होतात. दिवा स्वतःच थंड होऊन परत कामाला लागतो, म्हणून दिवाच बरा.

उष्णता येते कुठून

माईकची शिट्टी हा इकडच्या कार्यक्रमांत ट्वीटरचा सर्वांत मोठा शत्रू. गाण्यात उंच पट्टीचे वॅट थोडे आणि तुटक असतात. शिट्टी म्हणजे दोन-चार हजार हर्ट्झचा एकच सलग स्वर, आणि अँपची सगळी ताकद त्यात. पॅड आणि दिवा नसेल तर काही सेकंद पुरतात. माईक चालू करताना फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) खालून वर न्या, आणि माईक नेहमी बॉक्सच्या मागं.

दुसरे टाळ. आठ-दहा टाळकरी आणि मध्ये माईक असला की उंच पट्टीत सतत ताकद भरते, सिनेमाच्या गाण्यापेक्षा कितीतरी जास्त. भजनाच्या बॉक्सला गाण्याच्या बॉक्सचा हिशेब लावू नका. टाळकऱ्यांसाठी वेगळा माईक न ठेवता बुवांच्या माईकमध्ये येतील तेवढेच येऊ द्या.

तिसरं कारण वीज. संध्याकाळी खेड्यात व्होल्टेज २३० चं १८० वर आलं तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपची ताकद ६१ टक्क्यांवर येते, १५० चा ९२ वॅटचा होतो. आवाज कमी वाटला म्हणून फेडर वर जातो आणि अँप क्लिप होतो, म्हणजे त्याची ताकद अपुरी पडते. क्लिप झाल्यावर खालच्या स्वरांची शिखरं कापली जातात, पण वरचे स्वर वाढतच राहतात. एकूण वॅटमध्ये ट्वीटरचा वाटा वाढतो आणि कॉईलला थंड व्हायला मधला वेळ मिळत नाही. लहान अँप ताणला तर ट्वीटर जातो तो असा. क्लिपचा लाल दिवा पखवाजाच्या थापेला क्वचित चमकला तर चालतं. तो टिकून राहिला तर फेडर खाली घ्या आणि स्टॅबिलायझर लावा.

जोडून झाल्यावर

वूफर सोडून ठेवा, ट्वीटर जोडलेला राहू द्या, आणि बॉक्सच्या मागच्या टोकांवर मीटर ओहमला लावा. आकडा चढत जाऊन सर्किट उघडं दिसलं पाहिजे. ८-९ ओहम दिसले तर वूफरला समांतर असलेल्या जोडीतल्या कपॅसिटरची दोन टोकं कुठंतरी भिडलीत. एखाद्या ओहमच्या आसपासची कमी किंमत दिसली तर ट्वीटरच्या कपॅसिटरची दोन टोकं भिडलीत किंवा आडवी कॉईल कपॅसिटरच्या चुकीच्या बाजूला गेलीय. अँप लावण्याआधी ते शोधा.

मग वूफर जोडा, थोड्या आवाजात २५०० हर्ट्झचा टोन द्या आणि दोन मीटरवर, वूफर आणि हॉर्न यांच्या मधल्या उंचीवर उभे राहा. ट्वीटरची टोकं उलटसुलट करून बघा. जास्त जोरात ऐकू येणारी जोडणी बरोबर. हिशेब उलटी जोडणी सांगतो, पण युनिट हॉर्नच्या मागं खोल बसलेलं असल्यानं प्रत्यक्षात कधी सरळच जिंकते. कानाचं ऐका.

बॉक्स उभाच ठेवा. २५०० ची तरंगलांबी १३.८ सेंटिमीटर आणि वूफर-हॉर्नच्या मध्यांमधलं अंतर त्याहून जास्त असतं. बॉक्स आडवा केला की मंडपात बाजूला बसलेल्यांपैकी काहींना क्रॉसओव्हरपाशी आवाज गायब होतो.

चालू करताना मिक्सर आधी, अँप शेवटी. बंद करताना अँप आधी. अँप चालू असताना मिक्सरचा धक्का आणि जॅक ओढल्याचा ठोका, दोन्ही डायफ्रॅम फाडतात.

दोन अँप आणि इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर वापरणाऱ्यांनीही युनिटच्या मालिकेत कपॅसिटर ठेवावा. अँपचा आउटपुट जळून डीसी आला, किंवा घाईत वूफरची वायर हॉर्नला लागली, तर तोच आडवा येतो. १६०० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरला ८ ओहमसाठी ४७ मायक्रोफॅरड, १०० व्होल्टचा, खुणा नसलेला. तो ४०० हर्ट्झच्या आसपास कापतो, आवाजाला धक्का लावत नाही.

पावसाळा, धूळ आणि नवा डायफ्रॅम

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात चार महिने बंद राहिलेल्या बॉक्सचे सांधे हिरवे पडतात. क्रॉसओव्हरच्या पाटीवर सांधे झाळून झाल्यावर वार्निशचा हात द्या, रेझिस्टर तेवढे सोडा. बॉक्स जमिनीवर न ठेवता पाटावर ठेवा, आणि गणपतीच्या आधी तासभर हलक्या आवाजात वाजवून घ्या.

डायफ्रॅम बदलताना युनिट फाउंड्री किंवा लेथजवळच्या टेबलावर उघडू नका. उद्यमबागेसारख्या भागात लोखंडाचा कीस सगळीकडं असतो आणि चुंबकाच्या फटीत गेलेला कण फुंकून निघत नाही. जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटपट्टी उलटी गुंडाळा, फटीत घालून पूर्ण गोल फिरवा, पट्टी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. नवा डायफ्रॅम त्याच ओहमचा हवा. ८ ओहमचा मीटरवर साडेपाच ते सात दाखवतो. स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळत जा. मग क्रॉसओव्हरशिवाय थेट १ व्होल्टचा टोन द्या आणि ३००० पासून १००० हर्ट्झपर्यंत हळू उतरवत कान लावा. कुठंही खरखर आली तर कॉईल फटीत घासतेय. स्क्रू सैल करून डायफ्रॅम केसभर सरकवा आणि पुन्हा आवळा.